पठारावरचा चौकोन

६ फेब्रुवारी २०२२, रविवार

विमानांच्या खेळाच्या फोरमवरचे जुने लोक सांगतात की असलं काम सुरू केलं की पहिल्या दिवसापासून वही ठेवावी, नाहीतर सहा महिन्यांनी आपणच केलेलं आपल्याला कळत नाही. म्हणून ही वही. ऑफिसातली गेल्या वर्षीची कोरी डायरी आहे. तारखा खोडून वापरतोय.

मागची खोली माझी बायको अमृता आवरायला काढते आहे. कपाटाच्या वरच्या फळीवरून तिने बुटाचा एक खोका खाली काढला आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "ह्यां ठेवचां काय उडवचां?" आत विमान उडवायच्या खेळाच्या चार सीड्या होत्या, २००४ सालच्या. कॉलेजात असताना मी दोन वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. परीक्षेत एकदा त्यापायी गचकलोसुद्धा. सीडी लावली तर चालली. अठरा वर्षांनी चालली, आणि ऑफिसातला प्रिंटर दोन वर्षं टिकत नाही.

दाबोळी विमानतळावरून उडालो आणि उत्तरेला पेडण्यापर्यंत आलो. खेळात आमचा तालुका म्हणजे नुसती हिरवी चादर आणि वर सारखी सारखी झाडं. घर नाही, देऊळ नाही. पार्से गाव कुठे असेल ते अंदाजाने शोधलं आणि आमच्या छपरावरून दोनदा गेलो. छप्पर अर्थात नव्हतं.

मग डोक्यात आलं. इथे वरच्या पठारावर, सड्यावर, नवा विमानतळ होतोय, वर्षअखेर उघडणार म्हणतात. नव्या खेळांसाठी कोणीतरी तो करीलच. या जुन्या खेळासाठी कोण करणार? मी करीन. वीज खात्यातला कारकून सगुण धाकू परब याच्या नावावर जगात एक विमानतळ असेल. हसू आलं, पण बरंही वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

१३ फेब्रुवारी, रविवार

पहाटे उठून दोन तास बसलो. शिकलो ते लिहून ठेवतो.

जुन्या खेळात नवा विमानतळ घालायचा तर दोन गोष्टी लागतात. एक, जमीन सपाट करायची फाईल. अमुक कोपरे, अमुक उंची. आतले चढ-उतार, ओहोळ, खड्डे सगळे एका पातळीला येतात. दुसरी, झाडं वगळायचा चौकोन. झाडं खेळ आपली आपण पेरतो. नको असतील तिथे चौकोन द्यायचा, आतली सगळी जातात.

अडचण एवढीच की चौकोन सरळच काढता येतो, नकाशाच्या उभ्या-आडव्या रेघांत. धावपट्टी आहे तिरकी. नीट करायचं तर छोटे छोटे वीस-पंचवीस चौकोन पायऱ्यांसारखे लावावे लागतात. मी एकच मोठा काढला आणि सपाटीची फाईलही त्याच मापाची केली. कोपऱ्यांत थोडं जास्त गेलं तर गेलं, झाडंच ती.

खेळ पुन्हा चालू केला तर सडा कागदासारखा साफ. आमची काजूची बागही त्यातच गेली. आजीच्या माहेरून आलेली, सड्याच्या उतारावर, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाला, दोनशेच्या वर झाडं. खरी विमानतळासाठी कापली तेव्हा मी ऑफिसात होतो. काही वाटलं नाही. उलट झाडं गेल्यावर खेळ पहिल्यापेक्षा जलद चालायला लागला.

२७ फेब्रुवारी, रविवार

घरातल्यांची नोंद करतो, नाहीतर ही वही नुसती कोपरे आणि उंच्यांची होईल.

घरात आम्ही तिघं. बाबा, अमृता, मी. आई गेली त्याला तीन वर्षं झाली. बाहेरच्या खोलीत अनिल म्हणून भाडेकरू आहे, गडहिंग्लजचा, सड्यावर सर्वेयरच्या हाताखाली काम करतो. सकाळी पोदेराची सायकल आली की पाव तोच घेतो आमचेही.

मागच्या खोलीत संगणक आहे. ती खोली २०१५ साली रंगवली होती, फिकट पिवळी. २०१६च्या जानेवारीत आम्हाला मुलगी झाली. चार दिवस होती. अमृता हॉस्पिटलात होती आणि मी तिच्याजवळ. बाबा आणि बाबलीकाका मुलीला घेऊन गेले, सड्यावर. इतक्या लहानाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आणि आमच्या घरात रीत अशी की दुसरं मूल होईपर्यंत आई-बापाला जागा सांगायची नाही. सांगितली तर मन तिथेच राहतं आणि कूस भरत नाही, असं आई म्हणायची.

दुसरं झालं नाही. त्यामुळे सांगितलं नाही. बाबलीकाकाही गेला.

हे इथे का लिहिलं कळत नाही. विमानतळाशी याचा संबंध नाही. आज धावपट्टीची लांबी बरोबर जमली.

२० मार्च, रविवार

पहिलं विमान उतरवलं. चाकं जमिनीत अर्धी बुडाली, उंचीत दोन मीटरचा घोळ. दुरुस्त केला.

फोटो फोरमवर टाकले. तिथे एक म्हातारा आहे, स्वतःला पेलिकन म्हणवतो, कुठल्या देशाचा कोण जाणे. लगेच उत्तर आलं: धावपट्टी छान, पण तुझा चौकोन फार मोठा आहे, कोपऱ्यांतली झाडं तू उगीच मारलीस, पायऱ्या कर. मी लिहिलं की पुढच्या वेळी. याला दुसरा उद्योग दिसत नाही. मलाही नाही म्हणा.

१७ एप्रिल, रविवार

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. कडेचं गेलंय, मधलं रुपयाएवढं दिसतं, तेही हळूहळू जाणार. परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "बरां झालां, आता बाजारातले भाव दिसूचे नाय." त्यांना विनोद सुचतो हे विशेष. अमृता हसली नाही. मागच्या सीटवरून तिने विचारलं, "बाबा, किती म्हयने म्हणालो तो?" बाबा म्हणाले, "म्हयने नाय बाय, वरीस तरी जायत."

संध्याकाळी टर्मिनलचं छप्पर बसवलं.

१२ जून, रविवार

अमृताची साफसफाई संपत नाही. आज तिने हॉस्पिटलची जाडी फाईल काढली, सहा वर्षांच्या चाचण्या, गोळ्यांची नावं, सोनोग्राफ्या. बाथरूमच्या पाण्याच्या चुलीत एकेक कागद घालत बसली होती. मी विचारलं, कशाला, राहू दे की. ती म्हणाली, "कोणाक व्हयी ती आता?"

गेल्या आठवड्यात लाकडी पाळणा तिने लाटंबार्शाला, माहेरी, भावजयीला पाठवला. तिला सातवा आहे. जागा तरी झाली. संगणकाचं मेज आता जनेलाकडे सरकवता आलं, उजेड चांगला येतो.

७ ऑगस्ट, रविवार

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

सकाळी मी टर्मिनलच्या काचा करत होतो. बाहेर ओसरीवर बाबा आणि अमृता. ती पालेभाजी निवडत होती. आवाज चढला नव्हता, म्हणून आधी लक्ष गेलं नाही.

"बाबा, आता माका सांगा," ती म्हणाली. "चेडवाक खंय ठेवलास?"

आमच्या मुलीची जागा विचारत होती ती. बाबा म्हणाले, "अजून बगूया बाय. इतक्यात कित्याक..."

"नको. बगलां तितक्यां पुरे. माका अडतीस संपली. आता काय होवचां नाय. तुमका दिसता तोवर माका दाखवा."

माझा हात माऊसवर होता. तेव्हा मला पाळण्याचं कळलं, आणि फाईलचं, आणि फेब्रुवारीतल्या त्या कपाटाचंही. मी त्याला साफसफाई म्हणत होतो.

बाबा म्हणाले, "तोंडान सांगूक येवचां नाय. पायानी येता माका. थंय वयर गेलो तर दाखवतंय."

आणि मी आतून ओरडलो, "बाबा, थंय आता काय नाय. सगळां सपाट झालां."

मी का ओरडलो ते मला आत्ताही सांगता येत नाही. दोघं आत आली. अमृता या खोलीत सहसा येत नाही, उंबऱ्यातच उभी राहते. आज आत आली. बाबांनी नाक पडद्याला लावलं आणि डोकं इकडून तिकडे फिरवत पाहिलं. लाल जमीन, काळी पट्टी, झाड एक नाही.

"ह्यो सगळो सडो?"

"सगळा."

"म्हणजे व्हाळपण गेलो?"

"गेला असणार."

"असणार म्हणजे?" अमृताने विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

बाबा मला खात्रीलायक माणूस समजतात. सरकारी ऑफिसात आहे, संगणकात अख्खा विमानतळ आहे. त्यांनी मान हलवली. "मगे ऱ्हवलां," म्हणाले, म्हणजे विषय संपला. अमृता तशीच उभी होती. धावपट्टीकडे बघत तिने विचारलं, "ह्यां तुमी केलास?" मी हो म्हणालो. ती भाजीकडे परत गेली.

८ ऑगस्ट, सोमवार

ऑफिस. काम केलं नाही.

११ सप्टेंबर, रविवार

चतुर्थी झाली. पाच दिवस घरात माणसं होती ते बरं. नंतर अमृता माहेरी गेली, भावजयीला मुलगा झालाय. आठ दिवसांत येते म्हणाली. फोनवर बोलते, बाबांनी औषध घेतलं का विचारते. मी काय खाल्लं तेही विचारते. आवाज अगदी नेहमीसारखा.

मी विमानतळ पुढे नेतोय. खांबांवरचे दिवे लावले. संध्याकाळच्या वेळी उतरून पाहिलं. सुंदर दिसतं. मला काही वाटत नाही, पण सुंदर दिसतं हे खरं.

बाबा दिवसातून एकदा येऊन मागच्या खोलीच्या दारात उभे राहतात. 

९ ऑक्टोबर, रविवार

अमृता आठाचे वीस दिवस करून परत आली. त्यालाही पंधरा दिवस होत आले.

आज अनिलला बोलावलं होतं, टर्मिनलचा रंग बरोबर आहे का बघायला. तो खूष झाला. "आयला सायेब, ह्ये तर आमच्यापरास लवकर झालं की!" खुर्ची ओढून बसला, धावपट्टीवरून एक चक्कर मारून घेतली. मग पूर्वेच्या कोपऱ्यात थांबला.

"ह्ये चुकलंय तुमचं."

"काय?"

"हितं एवढं सपाट न्हाई. हितं वढा हाय. आमचं कुंपान वढ्याच्या अल्याडनंच वळतंय. पल्याड झाडं हायत, कातळ हाय. मी रोज डबा तितंच खातोय न्हवं, सावलीला."

मी विचारलं, बागेच्या खालचा व्हाळ? तो म्हणाला, बाग आता कुठली, पण जुन्या बागेच्या खालचाच. बाग गेली, व्हाळ राहिला.

तो गेल्यावर मी चौकोनाचे आकडे काढून पाहिले. पूर्वेचा कोपरा व्हाळाच्या पलीकडे जवळजवळ दोनशे मीटर जातो. तिथे विमानतळ नाही. कधी नव्हता. तिथे फक्त माझा चौकोन आहे.

अर्थात मुलीची जागा बागेतच असणार, आणि बाग गेलीच. त्यामुळे फरक पडत नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार

फरक पडत नाही तर बाबांनी व्हाळाचं का विचारलं?

१६ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं नाही. आठ दिवस होतील.

इथे खोटं लिहून कोणाला दाखवायचंय? सांगितलं तर जावं लागेल. सहा वर्षं मला वाटत होतं की रीत आहे म्हणून मी विचारत नाही. रीत नसती तरी मी विचारलं नसतं. विमानतळ आला, कुंपण पडलं, तेव्हा मला आतून सुटल्यासारखं झालं होतं. हे मी कोणाला बोललो नाही. बायको जागा विचारत असताना मी तिला माझी आळशी रेघ दाखवली आणि जागा बुडाली म्हणून सांगितलं.

पेलिकनचा निरोप आलाय, कधी प्रसिद्ध करतोस? उत्तर दिलं नाही.

३० ऑक्टोबर, रविवार

दिवाळी गेली. आज सकाळी सांगितलं.

चहाच्या वेळी दोघांना म्हणालो, माझं चुकलं होतं, व्हाळ आहे. अनिल रोज तिथे जेवतो. अमृताने कप खाली ठेवला. "कधी कळलां तुमका?" मी तारीख सांगितली. तिने बोटांवर मोजलं नाही, पण मोजलं.  भांडली असती तर बरं झालं असतं.

बाबा म्हणाले, "माका दाखव."

मी सपाटीची फाईल काढून टाकली. चौकोन पुसला, धावपट्टी आणि टर्मिनलही. लाल जमिनीचं चित्र काढून २०१५ सालचं उपग्रहाचं जुनं चित्र खाली घातलं. खेळ परत चालू झाला तेव्हा विमानतळ नव्हता. नऊ महिन्यांचं काम होतं, एका मिनिटात गेलं. सडा आपल्या जागी होता, चढ चढासारखा, मध्ये व्हाळाची घळ. झाडं खेळाने पेरलेली, खोटीच, पण होती.

विमान न उडवता हाताने हळूहळू सरकवायची सोय आहे, माणूस चालेल इतक्या वेगाने. मी बाबांना खुर्चीवर बसवलं. त्यांचं नाक पडद्याला, माझा हात कीबोर्डच्या कळीवर, अमृता त्यांच्या खांद्यामागे.

"खालसून घे," बाबा म्हणाले. "वाटेन घे. आता वयर. वयर... थांब. ह्यो धवो कातळ. हंय बाबली बसलो हुतो दम खावक. माका म्हणालो, धाकू, दी माज्याकडे. मी नाय दिली. चल, डाव्यान."

डावीकडे आमची बाग होती. मी तिकडे वळवलं.

"बागेत खंय जातस? व्हाळ ओलांड."

"बाबा, आमची बाग..."

"बागेवर नोटीस आयली हुती ना रे तेवां. आज ना उद्या सरकार घेतलां असतां. चेडवाक थंय कशी ठेवू? परत उकरूक लागलां असतां कोण तरी." ते पडद्याकडेच बघत होते. "पलतडीं ठेवली. देवस्थानची जागा ती, कोण हात लावणा नाय. चल. हां, ह्यो व्हाळाचो वाक. ह्या वाकार तीन फातर."

त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं. काचेवर ठसा उमटला. माझ्या चौकोनाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, आत. मी तिच्यावरची झाडं काढली होती, जमीन सपाट केली होती, आणि तिच्या आईला पडदा दाखवून सांगितलं होतं की तिथे काही नाही.

अमृताने विचारलं, "बाबा, माती खोल हुती?"

"खोल केली बाय. मीठ घातलां. वयर काटे घातले, फातर ठेवले. कायएक लागाक नाय तिका."

मी उठून बाहेर गेलो आणि गाडी पुसत बसलो. गाडी पुसायची गरज नव्हती.

६ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो.

गाडी खालच्या वाडीत ठेवली. बाबा अमृताच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, मी मागे. वाट बुजलीय. गवत वाळून कमरेपर्यंत आलंय, पायाला खाज सुटते. बाबांना गवत दिसत नव्हतं, वाटही दिसत नव्हती. पाय टेकला की सांगायचे, अजून चड आसा, आता कातळ येयत. कातळ आला. तिथे ते बसले नाहीत.

व्हाळाला गुडघ्याखाली पाणी होतं. अलीकडेच, डाव्या हाताला चाळीस-पन्नास पावलांवर विमानतळाचं कुंपण. नवी तार उन्हात चमकत होती, आतून मशीनचा आवाज येत होता. बाहेर आम्ही. अनिलचा स्टीलचा एक चमचा झाडाच्या बुंध्याशी पडला होता. मी तो खिशात घातला, त्याला द्यायला.

व्हाळाच्या वाकावर बाबा थांबले आणि पायाने चाचपायला लागले. दोनदा पुढे गेले, मागे आले.  नसेल तर बरं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं, तेही लिहून ठेवतो. मग त्यांचा पाय दगडाला लागला. करवंदीची जाळी वाढली होती. तिच्या बुडाशी तीन दगड होते, शेवाळ सुकून काळे पडलेले. एक थोडा कलंडला होता.

"हंयच," बाबा म्हणाले.

अमृता खाली बसली. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, आणि आपण काय करायचं. ती रडली नाही. तिने गवत बाजूला केलं, कलंडलेला दगड दोन्ही हातांनी सरळ केला, आणि त्या दगडावर हात ठेवून बसून राहिली. थोड्या वेळाने हलक्या आवाजात काहीतरी बोलायला लागली. आमच्याशी नव्हतं ते, म्हणून मी ऐकलं नाही.

मी व्हाळाकाठीच उभा होतो, चार हातांवर. तिथून पुढे पाय येत नव्हता. हॉस्पिटलातही असाच उभा होतो. बाबा टॉवेलात बांधलेलं घेऊन जिन्याकडे गेले तेव्हा मी पाणी प्यायच्या नळापाशी होतो. मला हाक मारली असती तर ऐकू आली असती, इतकं जवळ. मी नळ सोडून पाणी पीत राहिलो.

बाबांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. मी कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं, अंदाजानेच म्हणाले, "सगुण, हंय ये रे."

गेलो. त्यांच्याशेजारी बसलो. त्यांचे हात मांडीवर होते, तळवे वर केलेले. काहीतरी बोलायचं म्हणून, की सहा वर्षं तेच एक विचारायचं राहिलं होतं म्हणून, मी विचारलं, "बाबा, इतका चढ. जड झाली काय हो तुमका?"

"जड खंय रे," बाबा म्हणाले. "सोललेल्या नारळायेवढीपण नाय."

मग थोडं थांबून म्हणाले, "पण हात आजून दुखतत."

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि रडलो. मोठ्याने रडलो, कुंपणाच्या आतल्या माणसांनाही ऐकू गेलं असेल. अमृताने मागे वळून पाहिलं, आणि एक हात दगडावर तसाच ठेवून दुसरा माझ्या पाठीवर ठेवला. किती वेळ झाला माहीत नाही. ऊन डोक्यावर आलं. उठलो तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून व्हाळ ओलांडताना बाबांनी माझा हात धरला.